बरोबरीचा नियम : याकोबीच्या नावेपासून मोटारीतल्या ध्वनिवर्धकापर्यंत

गेल्या दिवाळीत माझा भाचा आपली जुनी मोटार घेऊन आमच्याकडे आला. तो अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. साठवलेल्या पैशांतून त्याने गाडीच्या डिकीत दोन सबवूफर आणि एक ॲम्प्लिफायर बसवून घेतला होता. सबवूफर म्हणजे केवळ खर्जाचे, डग्ग्याच्या घुमाऱ्यासारखे आवाज काढणारा मोठा ध्वनिवर्धक. गाणे लावले की पाच-सात मिनिटे डिकी दणाणायची. मग ॲम्प्लिफायरवरचा लाल दिवा लागून सारे शांत व्हायचे. फ्यूज दोनदा उडाला होता. तिसऱ्या वेळी बसवणाऱ्याने जास्त क्षमतेचा फ्यूज घातला. आता फ्यूज टिकत होता, पण तारेच्या वेष्टनाचा जळका वास येऊ लागला होता.

मी मल्टिमीटर आणला. प्रत्येक सबवूफरमध्ये तारेची दोन वेटोळी, प्रत्येक वेटोळे ४ ओहमचे. चारही वेटोळी समांतर जोडलेली होती, म्हणजे एकूण १ ओहम. ॲम्प्लिफायरवर मात्र छापले होते की २ ओहमपेक्षा कमी भार जोडू नये.

"इतका कमी रोध कशाला ठेवलास?" मी विचारले.

"मामा, खरं तर अजून कमी हवा," तो म्हणाला. "ॲम्प्लिफायरचा अंतर्गत रोध ओहमच्या काही शतांशाइतकाच असतो. बाहेरचा रोध त्याच्या जितका जवळ नेऊ तितकी शक्ती जास्त. आम्हाला सिद्धतेसह परीक्षेला आहे हे."

त्याने सांगितलेला नियम बिनचूक होता. जळका वासही खराच होता. मला हसू आले नाही, कारण एम.एस्सी.च्या तोंडी परीक्षेत मीही याच ठिकाणी अडखळलो होतो. बाह्य रोध अंतर्गत रोधाइतका असताना भाराला सर्वाधिक शक्ती मिळते, हे मी फळ्यावर सिद्ध करून दाखवले. परीक्षकांनी शांतपणे विचारले, "मग कोयनेच्या जनित्राचा अंतर्गत रोध आणि मुंबईचा भार सारखे ठेवतात का?" मी म्हणालो, "ठेवत असावेत." ते म्हणाले, "तसे केले तर निम्मी वीज कोयनेतच जळेल." पुढचे मला सुचेना.

गंमत अशी, की हा घोटाळा केवळ माझा किंवा माझ्या भाच्याचा नाही. एकोणिसाव्या शतकात चांगल्या चांगल्या शास्त्रज्ञांनी तो केला आणि सुमारे चाळीस वर्षे तो टिकला. आपल्या पाठ्यपुस्तकांतला तो एका ओळीचा नियम त्या इतिहासासह शिकवला, तर विद्यार्थ्यांच्या हाती काही वेगळेच लागेल असे मला वाटते.

शाळामास्तर ओहम

जॉर्ज सायमन ओहम (१७८९-१८५४) हा जर्मनीतल्या कोलोन शहरी एका शाळेत गणित आणि पदार्थविज्ञान शिकवीत असे. वडील कुलुपे बनवणारे कारागीर. त्यामुळे हाताने उपकरणे घडवण्याची सवय त्याला घरूनच होती. शाळेच्या प्रयोगशाळेत तो निरनिराळ्या लांबीच्या तारांमधून वाहणारा विद्युतप्रवाह मोजू लागला. १८२५ साली त्याने प्रसिद्ध केलेले सूत्र चुकीचे निघाले. दोष त्याच्या हाताचा नव्हता, घटांचा होता. त्या काळचे विद्युतघट वापरता वापरता मंदावत. मोजमाप संपेपर्यंत उगमच बदललेला असे.

पोगेनडॉर्फ या संपादकाने त्याला घटाऐवजी तापविद्युत वापरण्याचा सल्ला दिला. ओहमने बिस्मथ आणि तांबे यांचे दोन सांधे केले, एक उकळत्या पाण्यात आणि दुसरा बर्फात ठेवला. तापमानातला फरक कायम, म्हणून विद्युतदाबही कायम. आता त्याने आठ वेगवेगळ्या लांबीच्या तांब्याच्या तारा एकामागून एक जोडून पाहिल्या. १८२६ साली त्याला जे सूत्र मिळाले ते आजच्या अक्षरांत असे मांडता येईल : प्रवाह = अ ÷ (ब + क्ष). यातला क्ष म्हणजे बाहेर जोडलेल्या तारेची लांबी, म्हणजेच तिचा रोध. आणि अ म्हणजे उगमाचा जोर.

मग ब काय? क्ष शून्य केला तरी प्रवाह अनंत होत नाही. काहीतरी आतून त्याला अडवतेच. ब म्हणजे उगमाचा आणि उरलेल्या मंडलाचा स्वतःचा रोध. आपण वर्गात ओहमचा नियम शिकवताना हा ब बहुधा गाळतो. पुढची सारी कथा त्या ब ची आहे.

ओहमचे पुस्तक १८२७ साली निघाले. जर्मनीत त्याचे स्वागत थंडच झाले आणि त्याने कोलोनची नोकरी सोडली. लंडनच्या रॉयल सोसायटीने १८४१ साली कोप्ली पदक दिले तेव्हा कुठे त्याचे नाव झाले.

नेवा नदीतली नाव

मॉरिट्झ हेर्मान याकोबी हा मूळचा पॉट्सडॅमचा, प्रसिद्ध गणिती कार्ल याकोबी याचा भाऊ. १८३४ साली त्याने एक विद्युत मोटार तयार केली. पुढे रशियन सम्राटाच्या मदतीने १८३८ साली सेंट पीटर्सबर्ग येथे नेवा नदीत त्याने मोटारीवर चालणारी नाव सोडली. नावेत डझनभर माणसे होती आणि शेकडो जस्त-तांब्याचे घट. नाव चालली, पण माणसाच्या चालण्यापेक्षाही हळू.

साहजिकच याकोबीपुढे प्रश्न उभा राहिला : घट तेच ठेवून मोटारीकडून जास्तीत जास्त काम कसे काढायचे? घट महाग होते, त्यांतले जस्त भराभर संपे आणि त्यांचा अंतर्गत रोध मोठा असे. घट बदलता येत नव्हते. बदलता येण्यासारखा होता तो बाहेरचा भार. १८४० च्या सुमारास त्याने उत्तर दिले, की भाराचा रोध घटांच्या अंतर्गत रोधाइतका केला असता भाराला सर्वाधिक शक्ती मिळते. हाच आपला बरोबरीचा नियम. घटांच्या मिश्र जोडणीचे जे गणित आपण अकरावी-बारावीला सोडवतो, त्याच्या मुळाशीही तोच आहे.

नियमात एक अट लपलेली आहे. अंतर्गत रोध ठरलेला असून बदलता येत नाही आणि भार मात्र हवा तसा बदलता येतो, असे त्यात गृहीत धरले आहे. ही अट हळूहळू विसरली गेली. भार आणि उगम यांचे रोध सारखे असले, की जेवढी शक्ती भाराला मिळते तेवढीच उगमाच्या आत उष्णता होऊन जाते. यावरून जूलसारख्या काटेकोर शास्त्रज्ञानेही असा अर्थ काढला, की विजेवर चालणाऱ्या यंत्राची कार्यक्षमता कधीच ५० टक्क्यांवर जाऊ शकणार नाही. म्हणजे 'जास्तीत जास्त शक्ती' आणि 'कमीत कमी नासाडी' हे दोन वेगळे प्रश्न एकच समजले गेले.

एका साध्या उदाहरणाने फरक दिसतो. ३ व्होल्टचा उगम घ्या, त्याचा अंतर्गत रोध १० ओहम माना. भारही १० ओहमचा जोडला तर भाराला ०.२२५ वॅट मिळतात; हीच कमाल आणि कार्यक्षमता बरोबर ५० टक्के. आता भार २.२ ओहमचा करा. भाराला मिळतात सुमारे ०.१३ वॅट. भार ४७ ओहमचा करा. पुन्हा सुमारे ०.१३ वॅटच! पण पहिल्या खेपेस उगमातून पाऊण वॅटच्या जवळपास शक्ती खर्च झाली, म्हणजे कार्यक्षमता १८ टक्के. दुसऱ्या खेपेस खर्च झाले जेमतेम ०.१६ वॅट, म्हणजे कार्यक्षमता ८२ टक्के. भाराच्या पदरी तेवढेच पडले, पण एका ठिकाणी उगम भाजून निघाला आणि दुसऱ्या ठिकाणी तो थंड राहिला.

एडिसनची वेगळी वाट

ही गाठ सुटली ती प्रयोगशाळेत नव्हे, व्यवसायात. १८७८ पासून एडिसन विजेच्या दिव्यांनी शहर उजळण्याच्या मागे लागला होता. त्याला कोळसा विकत घ्यायचा होता; निम्मा कोळसा जनित्राचीच वेटोळी तापवण्यात घालवणे त्याला परवडणार नव्हते. त्याच्या मदतीला होता फ्रान्सिस अप्टन. अप्टन प्रिन्स्टनला शिकलेला आणि बर्लिनला हेल्महोल्ट्झच्या हाताखाली राहून आलेला गणिती.

त्या दोघांनी याकोबीची अटच उलटी केली. भार ठरलेला आहे, आता अंतर्गत रोध आपल्या हातात आहे असे मानले तर काय करावे? उत्तर अगदी साधे : तो होईल तितका कमी करावा. जाड तारांची वेटोळी असलेले, अंतर्गत रोध अत्यल्प असलेले जनित्र त्यांनी बांधले आणि सुमारे ९० टक्के कार्यक्षमतेचा दावा केला. जाणकारांनी तो हसण्यावारी नेला, कारण 'नियमानुसार' ५० टक्क्यांपुढे जाता येत नव्हते. दुसरीकडे दिव्याचा रोध त्यांनी मुद्दाम मोठा, शंभर ओहमच्या घरात ठेवला. असे दिवे समांतर जोडले की प्रत्येकाला थोडासाच प्रवाह लागतो आणि रस्त्याखालच्या तांब्याच्या तारा बारीक ठेवता येतात. ४ सप्टेंबर १८८२ रोजी न्यूयॉर्कच्या पर्ल स्ट्रीटवरचे वीजकेंद्र सुरू झाले. आपल्या घरातला प्रत्येक दिवा आणि पंखा आजही याच 'बेबरोबरी'वर चालतो. माझ्या परीक्षकांना हेच उत्तर हवे होते.

ओहमकडून इम्पीडन्सकडे

आतापर्यंत प्रवाह एकाच दिशेचा होता. टेलिफोन आणि प्रत्यावर्ती वीज आल्यावर नुसता रोध पुरेना. वेटोळ्यामधून जाणारा प्रवाह बदलू लागला की वेटोळे त्या बदलालाच विरोध करते आणि तो विरोध वारंवारतेनुसार वाढत जातो. रोध आणि हा विरोध यांच्या एकत्रित परिणामाला ऑलिव्हर हेविसाइड याने १८८६ साली इम्पीडन्स हे नाव दिले. मराठीत आपण त्याला संरोध म्हणतो. हेविसाइडचे शालेय शिक्षण सोळाव्या वर्षी संपले. तो तारखात्यातला कारकून, कानाने अधू, आणि पुढचे सारे स्वतःच शिकलेला.

संरोधाचे गणित ज्यांनी विद्युत अभियंत्यांच्या हाती दिले त्यांपैकी एकाचा जन्म आपल्या मुंबईतला. आर्थर केनेली १८६१ साली कुलाब्याला जन्मला. त्याचे वडील तिथे नौदलाच्या नोकरीत होते. पुढे अमेरिकेत तो एडिसनचा साहाय्यक झाला. १८९३ साली 'इम्पीडन्स' याच नावाचा निबंध वाचून त्याने दाखवले, की संरोध सदिश-संख्यांप्रमाणे, म्हणजे वर्गमूळ उणे एक असलेल्या संमिश्र संख्यांनी मांडला, तर प्रत्यावर्ती मंडलांनाही ओहमचाच नियम लागू करता येतो. वातावरणातल्या आयनीभूत थराशीही केनेली आणि हेविसाइड या दोघांची नावे जोडली गेली आहेत.

लांबलचक टेलिफोन तारांमध्ये मात्र बरोबरीची खरोखर गरज पडली. तारेच्या टोकाचा संरोध तारेच्या संरोधाशी जुळला नाही, तर विहिरीत हाक मारल्यावर येते तशी तरंगांची प्रतिध्वनी उलट येते. दूरचित्रवाणीच्या केबलवर आणि तिच्या जोडण्यांवर ७५ ओहम असे लिहिलेले असते ते याचसाठी. म्हणजे बरोबरी कुठे हवी आणि कुठे नको, हे उद्देशावरून ठरते.

'मॅचिंग' हा शब्द कुठून आला?

१९२५ साली चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांनी आजच्या पद्धतीच्या ध्वनिवर्धकाचे वर्णन प्रसिद्ध केले. कागदी शंकू, त्याला चिकटवलेले तारेचे हलके वेटोळे आणि भोवती चुंबक. वेटोळे हलके हवे म्हणून त्यात वेढे थोडे आणि त्याचा संरोध काही ओहमच. त्या काळच्या ॲम्प्लिफायरमधल्या निर्वात नलिकांना मात्र हजारो ओहमचा भार लागे. दोघांची गाठ घालून देण्यासाठी मध्ये रोहित्र आले. रोहित्र संरोध वेढ्यांच्या गुणोत्तराच्या वर्गाने बदलते. ८ ओहमचा ध्वनिवर्धक नलिकेला ५,००० ओहमचा भासवायचा, तर ५,००० भागिले ८ म्हणजे ६२५. त्याचे वर्गमूळ २५. म्हणून २५ वेढ्यांस १ वेढा. याला 'मॅचिंग' म्हणू लागले. इथेही दोन्ही संरोध अगदी सारखे केले जात नसत. नलिका विकृतीविना जास्तीत जास्त काम देईल असा भार निवडला जाई. तरी शब्द रूढ झाला.

पुढे दोन गोष्टी घडल्या. १९२७ साली हॅरल्ड ब्लॅक याला ऋण प्रतिपुष्टीची कल्पना सुचली आणि ॲम्प्लिफायरचा अंतर्गत रोध कृत्रिम रीतीने पार खाली आणता येऊ लागला. नंतर ट्रान्झिस्टर आले. ते मोठा प्रवाह सहज देऊ शकत, म्हणून रोहित्राची गरजच संपली. आजचा ॲम्प्लिफायर एडिसनच्या जनित्राचा वंशज आहे. तो विद्युतदाब ठरवतो, प्रवाह किती घ्यायचा ते भार ठरवतो. याकोबीचा नियम त्याला शब्दशः लावायचा, तर ०.०५ ओहमच्या ॲम्प्लिफायरला ०.०५ ओहमचा भार जोडावा लागेल. विद्युतदाब २० व्होल्ट असेल तर प्रवाह २०० अँपिअर! ट्रान्झिस्टर त्याच्या फार आधीच जळून जाईल. नियमात प्रवाहाची मर्यादा आणि उष्णता यांना जागाच नाही.

डिकीतली चार वेटोळी

मोटारीत अडचण आणखी एक. तिथे विद्युतघट १२ व्होल्टचा. इंजिन चालू असताना फार तर १४ व्होल्ट. ध्वनिवर्धकाच्या एका टोकाला स्थिर ठेवून दुसरे टोक हलवले, तर दाब दोन्ही बाजूंना ७ व्होल्टच जातो आणि ४ ओहममध्ये सुमारे ६ वॅट मिळतात. दोन ॲम्प्लिफायर विरुद्ध दिशांनी लावून दोन्ही टोके हलवली, म्हणजे 'ब्रिज' जोडणी केली, तर सुमारे २४ वॅट. याहून जास्त हवे असेल तर दोनच मार्ग : दाब वाढवणे किंवा संरोध घटवणे. घरातले ध्वनिवर्धक बहुधा ८ ओहमचे आणि मोटारीतले ४ किंवा २ ओहमचे असतात ते यामुळे. मोठ्या ॲम्प्लिफायरमध्ये दाब वाढवणारे मंडल आतच असते. तरी कमी ओहम म्हणजे भारी, ही समजूत मागे राहिली.

भाच्याला कागदावर हिशेब मांडून दाखवला. ॲम्प्लिफायर २० व्होल्ट देतो असे धरू. ४ ओहमला ५ अँपिअर आणि १०० वॅट. २ ओहमला १० अँपिअर आणि २०० वॅट. १ ओहमला २० अँपिअर आणि ४०० वॅट. ॲम्प्लिफायरची कार्यक्षमता ६० टक्के मानली, तर या ४०० वॅटसाठी गाडीच्या १३ व्होल्टमधून सुमारे ५० अँपिअर ओढावे लागतात. त्यासाठी ना ती तार होती, ना तो ॲम्प्लिफायर. आणि फ्यूज असतो तारेच्या रक्षणासाठी. तारेपेक्षा मोठा फ्यूज घातला की तारच फ्यूज होते. डिकीत, पेट्रोलच्या टाकीजवळ, ते काय करील हे सांगायला नको.

चार वेटोळ्यांच्या सुटसुटीत जोडण्या तीन. सगळी समांतर : १ ओहम. सगळी एकसर : १६ ओहम. प्रत्येक सबवूफरची दोन वेटोळी एकसर करून (८ ओहम) ते दोन सबवूफर समांतर : ४ ओहम. आम्ही तिसरी निवडली आणि फ्यूज तारेच्या मानाने बसवला. शक्ती एक चतुर्थांश झाली. पण कानाला आवाज एक चतुर्थांश भासत नाही, कारण कानाची जाणीव शक्तीच्या प्रमाणात वाढत नाही. अर्धा तास गाणी वाजली. लाल दिवा लागला नाही.

"पण मामा, मग पुस्तकातलं चुकीचं का?" त्याने विचारले. मी म्हणालो, "नाही रे. तो दुसऱ्याच प्रश्नाचं उत्तर आहे."

वर्गात करून पाहा

पहिला प्रयोग. दीड व्होल्टचे दोन सेल एकसर जोडा आणि त्यांना १० ओहमचा रोधक कायमचा जोडून ठेवा. हा आपला 'अंतर्गत रोध'. तो किमान एक वॅटचा घ्या. बाहेर भार म्हणून २.२, ४.७, १०, २२ आणि ४७ ओहम असे रोधक पाळीपाळीने जोडा. प्रत्येक वेळी भारावरचा दाब मोजून शक्ती आणि कार्यक्षमता काढा आणि दोन्हींचे आलेख एकाच कागदावर काढायला सांगा. सेलना स्वतःचाही थोडा रोध असतो, म्हणून आकडे किंचित वेगळे येतील. शक्तीचा आलेख मध्ये टेकडीसारखा वर येऊन खाली उतरतो, कार्यक्षमतेचा मात्र चढतच जातो. हे मुलांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहायला हवे.

दुसरा प्रयोग. भंगारातून एखादा मोठा, जमल्यास सहा इंचांहून मोठा ध्वनिवर्धक मिळवा. त्याचा शंकू बोटाने हलकेच ठोका आणि आवाज ऐका. आता मागची दोन टोके तारेने एकमेकांना जोडा आणि पुन्हा ठोका. आवाज दबलेला, 'ठप्प' असा येईल. शंकूबरोबर हलणारे वेटोळे चुंबकीय क्षेत्रात जनित्र बनते आणि टोके जोडली की त्यातून प्रवाह वाहून शंकूच्या हालचालीला लगाम बसतो. ॲम्प्लिफायरचा अंतर्गत रोध अत्यल्प ठेवण्याचा हा आणखी एक फायदा : खर्जाचा ठोका रेंगाळत नाही. ४ ओहमचे वेटोळे मीटरवर साडेतीनच्या आसपास दाखवते, पण शंकूच्या नैसर्गिक वारंवारतेला त्याचा संरोध कित्येक पट वाढतो, त्याचे कारणही हेच जनित्र. याकोबीची मोटार आणि डिकीतला सबवूफर ही एकाच घरातली भावंडे आहेत.

हे दोन्ही प्रयोग झाल्यावर कोयना आणि मुंबईचा तो प्रश्न वर्गात विचारा, आणि उत्तरासाठी मुलांना घाई करू नका. ओहमच्या सूत्रातला ब हाती असेल, तर ती वाट त्यांची त्यांना सापडते.